चाळीस डबे ते आठशे ताटं

कळव्याहून एका आईचं पत्र आलंय. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांना त्या रोज ४० डबे पुरवतात. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. पोळ्या लाटायचा तिला कंटाळा, पण डब्यांच्या हिशोबाची वही तीच सांभाळते. आता तिनं कँटीन मॅनेजमेंट शिकायचा हट्ट धरलाय. 'हे म्हणतात, स्वयंपाक शिकायला फी कसली भरायची? आणि हॉटेलात रात्रीअपरात्री मुलगी नको. मला काही सुचत नाही,' असं त्या लिहितात.

ताई, तुमची मुलगी पोळ्या टाळते आणि वही धरते, हे वाचून मला बरंच कळलं. या अभ्यासक्रमात स्वयंपाक असतोच, कांदे चिरण्यातून कुणाची सुटका नाही. पण पुढे नोकरी मिळते ती हिशोबाची आणि वेळेची. एक उदाहरण देतो, ते तिच्या बाबांना वाचून दाखवा.

महाप्यातल्या एखाद्या कंपनीत रोज ८०० ताटं उठतात असं धरा. वाढणाऱ्याच्या हातून प्रत्येक ताटात २० ग्रॅम भात जास्त पडला. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही तो. पण दिवसाला १६ किलो भात झाला, आणि २५ दिवसांत ४०० किलो. कच्च्या तांदळात मोजलं तर सव्वाशे-दीडशे किलो. कंत्राट ताटामागे ठरलेलं असेल तर हे पैसे ठेकेदाराच्या खिशातून जातात, आणि त्यातला बराच भात शेवटी खरकट्याच्या बादलीत दिसतो. हे पकडतो तो युनिट मॅनेजर, म्हणजे ठेकेदाराच्या वतीनं ते कँटीन चालवणारा. उद्याचं इंडेंट, म्हणजे स्टोअरमधून घ्यायच्या मालाची यादी, तोच काढतो. भात अकरालाच सगळा शिजवून ठेवायचा की जेवणाची रांग बघून तीनदा लावायचा, हेही तोच ठरवतो. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे, मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून त्याच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो. तुमच्या ४० डब्यांत जे अंदाजानं जमतं, ते ८०० ताटांत मोजूनच करावं लागतं.

कामाला तोटा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून जास्त कामगार असले की कँटीन सक्तीचं होतं; २०२० च्या नव्या कामगार संहितेत हा आकडा १०० वर आलाय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने, आयटी पार्क, इस्पितळं, वसतिगृहं सगळंच आहे.

रात्रीचं म्हणाल, तर ऑफिसच्या कँटीनला हॉटेलसारखी मध्यरात्र नसते. पण पहाट असते. इस्पितळात नाश्त्याची तयारी पाचच्या आधी सुरू होते, आणि तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्रीचं जेवणही द्यावं लागतं. सुरुवातीचा पगार बेताचा, उभं राहणं भरपूर. बाबांपासून हे लपवू नका.

आता शिक्षण. कॉमर्सची अडचण नाही. हॉटेल मॅनेजमेंटला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. दादरच्या आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेसाठी एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. तिथली पदवी तीन वर्षांची. राज्याच्या सीईटीतून मिळणारी बीएचएमसीटी ही हॉटेल मॅनेजमेंटची पदवी चार वर्षांची, ती कॉलेजं नवी मुंबईतही आहेत. माझा कल दादरकडे. कळव्याहून धीमी लोकल धरली की झालं. (बसायला जागा मिळेल असं मी म्हणत नाही.) ही संस्था १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं महिलांच्या अन्न परिषदेनं सुरू केली, आणि तिच्या पूर्ण नावात 'उपयोजित पोषण' आजही आहे. 'कॅटरिंग म्हणजे हॉटेल' असं मानणाऱ्या बाबांना हे जरूर सांगा. इस्पितळातला आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर वाट वेगळी, गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्राच्या पदवीची. त्यासाठी बहुतेक ठिकाणी बारावी सायन्स लागतं, म्हणून तो विचार सध्या सोडा.

खासगी कॉलेजात गेलात तर माहितीपत्रकातल्या क्रूझच्या फोटोंवर जाऊ नका. एकच विचारा: गेल्या वर्षी किती मुलं ट्रेनिंगला इस्पितळात किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये गेली? उत्तर देताना चाचरले तर चहा पिऊन निघा. भरमसाट फीसाठी कर्ज काढू नका, त्या बेताच्या पगारातून हप्ता फिटत नाही.

आणि घाई कशाला? आधी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, 'फॉस्टॅक' हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण तिच्याबरोबर तुम्हीही करा. एका दिवसाचं काम आहे. पदार्थ हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे असा एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, असं एफएसएसएआयचं धोरण आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचा कागद वाया जात नाही. डब्यांच्या धंद्याची एफएसएसएआयकडे नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका.

परीक्षा संपली की तिला दोन आठवडे एखाद्या मोठ्या कँटीनमध्ये पाठवा. ओळख कुठून काढू, असं विचाराल. तुमच्या ४० डब्यांतला एखादा तरी ॲडमिनवाल्याचा असेल, आणि कँटीनचं कंत्राट बहुतेक कंपन्यांत त्याच खात्याकडे असतं. त्याला सांगा, मुलगी सकाळी सहाला येईल, पगार नको, फक्त स्टोअरची वही आणि खरकटं तोलायचा काटा तिच्या हाती द्या.