पहिल्या अधिकृत सामन्याआधी: दोन पासपोर्ट असलेल्या फुटबॉलपटूस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या वीस वर्षांखालील संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षकही विचारताहेत, आणि पुण्याची आजी म्हणते की भारताकडून खेळ. कोणाला हो म्हणू, असं तू विचारलंस. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घे. देश निवडल्याचं खेळाडू जाहीर करतो त्या दिवशी निवड होतेच असं नाही. बऱ्याचदा ती त्याच्या कितीतरी आधी, त्याच्या नकळत होऊन गेलेली असते. कुठल्याशा पात्रता फेरीत शेवटची पाच मिनिटं मैदानात उतरलं, की झालं. म्हणून आधी कागद आणि तारखा, मग मनाचा कौल.

सुरुवात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डापासून करते, कारण तुझ्या पत्रात 'माझ्याकडे तीन नागरिकत्वं आहेत' असं वाक्य आहे. तुझ्याकडे दोनच आहेत. अमेरिकेचं जन्माने मिळालं आणि ब्रिटनचं चौदाव्या वर्षी नोंदणीने. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नाही. भारतात दीर्घकाळ राहण्या-फिरण्याची ती सवलत आहे. मतदानाचा हक्क त्यात नाही, भारताचा पासपोर्ट नाही आणि भारताची जर्सीही नाही. केंद्र सरकारने २००८ च्या डिसेंबरात धोरण ठरवलं की भारताकडून फक्त भारतीय नागरिकच खेळतील. त्याआधी भारताकडून टेनिस खेळलेले प्रकाश अमृतराज आणि सुनीता राव यांच्याकडे अमेरिकी नागरिकत्व होतं. त्या धोरणानंतर त्यांना भारताच्या संघाची दारं बंद झाली.

भारताचं नागरिकत्व मिळवण्याचा रस्ता आहे, पण लांबचा. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ खाली दोन वाटा तुला लागू पडतात. एक, आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते म्हणून. दुसरी, ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झाली म्हणून. दोन्हींत अर्जदार सज्ञान हवा आणि अर्जाआधीचे बारा महिने त्याचं वास्तव्य भारतात हवं. म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत तुझ्यासाठी हा प्रश्न कागदावर उभाच राहत नाही. त्यानंतरही ते वर्ष तुला भारतातल्या क्लबमध्ये काढावं लागेल, तेही परदेशी खेळाडू म्हणून, परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागांपैकी एक अडवून. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गृह मंत्रालयाकडे जातो आणि शेवटी आधीची नागरिकत्वं सोडावी लागतात. तुझ्या बाबतीत दोन्ही.

हे करणारे खेळाडू आहेत. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. २०२५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. पण पासपोर्ट हातात आला तरी काम संपलं नव्हतं. तो पूर्वी ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता, त्यामुळे देशाची संघटना बदलायला फिफाची मंजुरी लागत होती. नोव्हेंबरात संघाबरोबर ढाक्याला जाऊनही कागद वेळेत न आल्याने त्याला बांगलादेशविरुद्ध उतरता आलं नाही. नागरिकत्व देतं सरकार आणि खेळण्याची पात्रता ठरवते फिफा. ही दोन वेगळी टेबलं आहेत आणि एकावरचा शिक्का दुसऱ्यावर चालत नाही.

नागरिकत्व सोडण्याची किंमतही आधीच मोजून ठेव. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडच्या क्लबमध्ये खेळायला तुला परवाना लागेल. त्या परवान्यासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांमध्ये राष्ट्रीय संघाचं फिफा क्रमवारीतलं स्थान धरलं जातं. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली तर तिथेही विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल आणि कमाईवर बंधनं येतील. आजीला हे सांगताना अवघड वाटेल, तरी सांग. भारताच्या मुली २०२६ च्या महिला आशियाई चषकासाठी पात्रता फेरी जिंकून गेल्या. त्या संघात खेळावंसं वाटणं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच हा निर्णय भावनेच्या भरात होता कामा नये.

(गोव्यातल्या मुलांची अडचण नेमकी उलटी असते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. युरोपातल्या नोकरीसाठी घरचे ते करून टाकतात. कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. त्या घरात चांगला फुटबॉलपटू असेल तर भारताच्या संघाचं त्याचं दारही तिथेच बंद होतं. तुझ्या संघातल्या गोव्याच्या मैत्रिणीला हे वाचून दाखव.)

आता फिफाचे नियम. यातला कळीचा शब्द आहे 'अधिकृत'. मैत्रीपूर्ण सामना खेळाडूला बांधत नाही. दिएगो कोस्टा २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि २०१४ च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला. डेक्लन राइस आयर्लंडच्या वरिष्ठ संघाकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळून इंग्लंडकडे गेला. मागच्या वर्षी इंग्लंडच्या सतरा वर्षांखालील संघाकडून तू खेळलेले दोन मैत्रीपूर्ण सामनेही तुला कुठे अडकवत नाहीत. विश्वचषक, खंडीय स्पर्धा, त्यांच्या पात्रता फेऱ्या आणि नेशन्स लीग हे मात्र सगळं अधिकृत. नेशन्स लीगला मैत्रीपूर्ण समजण्याची चूक अनेकांकडून होते. राखीव बाकावर बसलं तर मोजलं जात नाही. एक मिनिट मैदानात उतरलं तरी मोजलं जातं.

२०२० मध्ये फिफाने नियम सैल केला. तुझ्यापुरता तो असा. वयोगटाचे अधिकृत सामने एका देशाकडून खेळलीस, तरी पहिल्या अशा सामन्याच्या दिवशी दुसरं नागरिकत्व तुझ्याकडे असेल तर पुढे एकदा बदल मागता येतो. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तुझी ही बाजू भक्कम आहे, दोन्ही पासपोर्ट आजच हातात आहेत. भारताचं नागरिकत्व मात्र तेव्हा तुझ्याकडे नसेल. त्यासाठी वेगळी अट आहे: आधीच्या देशाकडून शेवटचा अधिकृत सामना २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचा हवा, आणि तो वरिष्ठ संघाचा नको. आईचा जन्म पुण्याचा असल्याने बाकी पात्रता जमते.

वरिष्ठ संघाचा अधिकृत सामना खेळलीस की हिशेब कडक होतो. तेव्हा बदल मागायचा तर वरिष्ठ सामने तीनपेक्षा जास्त नकोत, ते सगळे २१ वर्षांच्या आतले हवेत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत (पात्रतेनंतरच्या) खेळलेलं नको आणि दुसरं नागरिकत्व पहिल्या सामन्याच्या दिवशीच असायला हवं. शेवटच्या अटीमुळे भारताचं दार कायमचं बंद होतं. मुनीर एल हद्दादी २०१४ च्या सप्टेंबरात स्पेनकडून युरो पात्रता फेरीत शेवटी काही मिनिटं खेळला, वय एकोणीस. पुढे त्याला मोरोक्कोकडून खेळायचं होतं. क्रीडा लवादाने नकार दिला, २०१८ चा विश्वचषक हातचा गेला, आणि नियम बदलल्यावर २०२१ मध्ये कुठे त्याला परवानगी मिळाली. बदलाचा अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत कोणत्याच देशाकडून खेळता येत नाही, हेही लक्षात ठेव.

मला विचारशील तर शिबिराला जा, जिथे तुझ्या जागेवर, म्हणजे डाव्या बगलेवर, जास्त वेळ खेळायला मिळेल तिथे. वयोगटाचे अधिकृत सामने खेळायलाही हरकत नाही. वरिष्ठ संघाचं बोलावणं आलं तर मात्र हो म्हणण्याआधी लेखी विचारून घे: सामना मैत्रीपूर्ण की अधिकृत, स्पर्धेचं नाव काय, दुखापतीचा विमा कोणाचा, क्लबला पत्र कोण देणार. फोनवरच्या 'बघू, खेळवू' या शब्दावर विसंबू नकोस. खेळाडू हातातून जाऊ नये म्हणून चार मिनिटं उतरवणं आणि मग दोन वर्षं न बोलावणं, हे फुटबॉलमध्ये घडतं. आणि भारताचा विचार मनात खरोखर असेल, तर तुझा २१ वा वाढदिवस आणि अर्जाआधीचं बारा महिन्यांचं वास्तव्य कॅलेंडरवर आजच मांड. विसावं वर्ष उजाडल्यावर मांडायला बसलीस तर उशीर झालेला असेल.

कागदांची फाइल आत्ताच कर. दोन्ही पासपोर्ट, ब्रिटिश नोंदणीचं प्रमाणपत्र (त्यावरची तारीख महत्त्वाची), जन्मदाखला, आणि इंग्लंडमधल्या शाळांची वर्षनिहाय पत्रं. इंग्लंडचा संघ निवडायचा तर अठराव्या वर्षाआधी तिथे पाच वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. सोबत सामन्यांची यादी ठेव: तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, वयोगट, किती मिनिटं, अधिकृत की मैत्रीपूर्ण.

सगळ्यात जास्त घोळ आईच्या जन्मदाखल्यात होईल, हे आताच सांगते. आपल्याकडच्या जुन्या महापालिका नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि वडिलांचं नाव. ते असलं तरी माहेरचं आडनाव असतं, पासपोर्टवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. परदेशातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. दाखल्यात नाव लावून घेणं, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र अशी साखळी जोडावी लागते. जन्मनोंद सापडलीच नाही तर शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. मामा पुण्यात आहेत तोवर हे काम त्यांच्याकडून करून घ्या.

ऑलिंपिकचं तू ओझरतं विचारलंस. तिथे ऑलिंपिक सनदेचा नियम ४१ चालतो: खेळाडू त्या देशाचा नागरिकच हवा, आणि एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्याकडून खेळायचं तर साधारणपणे तीन वर्षांचं अंतर हवं. क्रिकेटमध्ये हे आता बोचणार आहे. आयसीसीच्या नियमात तीन वर्षांच्या वास्तव्यावरही पात्रता मिळते, पासपोर्ट लागत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे आणि तिथे वास्तव्य पुरणार नाही. तुझा चुलतभाऊ अमेरिकेत व्हिसावर राहून क्लब क्रिकेट खेळतो, त्याला हे कळव.

आणि धाकट्या भावाचं सगळ्यात तातडीचं. तो पंधरा वर्षांचा, बास्केटबॉल खेळतो, आणि त्याची ब्रिटिश नोंदणी राहून गेली आहे असं तू लिहिलंस. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात सोळाव्या वर्षानंतर मिळवलेल्या नागरिकत्वावर खेळणारा एका संघात एकच चालतो, आणि ती जागा बहुधा एखाद्या तयार व्यावसायिक खेळाडूला जाते. जन्मापासून हक्क असून सोळानंतर तो बजावला, तरी नियम तोच. नोंदणीला काही महिने लागू शकतात आणि पासपोर्ट त्यानंतर. त्याचा वाढदिवस मार्चमध्ये आहे. अर्ज याच आठवड्यात पाठवायला बाबांना सांग, आणि पोच मिळाली की मला कळव.

तुझी,
ताई