मधुमेहामुळे किडनी खराब होऊ नये म्हणून कोणता झाडपाल्याचा उपाय करावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची शुगर जुनी आहे, आता लघवीतून प्रोटीन जायला लागलंय, आणि नातेवाईक म्हणतात गोळ्या बंद करून पुनर्नवा-गोखरूचा काढा नि कारल्याचा रस सुरू करा. मी किडनीच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ आहे. आधी एवढंच सांगते, गोळ्या बंद करू नका.

झाडापासून आलेलं, किडनीला खरोखर जपणारं औषध आहे, फक्त ते काढ्यात नाही. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य असतं. १८३५ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. ते दिलं की साखर लघवीवाटे बाहेर पडते, हे नंतर कळलं. पण तोंडाने घेतलं तर ते आतड्यातच मोडतं, म्हणून साल उकळून पिण्यात अर्थ नव्हता. त्याच रेणूत बदल करून डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं तयार झाली. ती साखर तर उतरवतातच, शिवाय किडनीच्या गाळण्यांमधला वाढलेला दाबही कमी करतात, आणि मधुमेहात या गाळण्या झिजतात त्यात या दाबाचा मोठा वाटा असतो. २०२० मध्ये ४,३०४ रुग्णांवरच्या चाचणीत किडनीची क्षमता निम्म्यावर येणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. काढ्याबाबत इतका भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. भारतात पेटंट संपल्यापासून ही गोळी बरीच स्वस्तही झाली आहे. वडिलांना चालेल का, हे डॉक्टर ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा रक्त तपासणीतला आकडा) बघून ठरवतील.

काढ्यांची मला भीती वाटते ती पोटॅशियममुळे. प्रोटीन जात असलं की बहुधा टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू असते. तिने पोटॅशियम आधीच थोडं वाढतं, आणि पुनर्नव्यात ते भरपूर असतं. आमच्याकडे एक काका आले होते, पिशवीत ‘किडनी शुद्धी’ लिहिलेली बाटली. घटकांची यादीच नव्हती. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.३ (असायला हवं ५ च्या आत). त्यांना पायांत अशक्तपणाच फक्त जाणवत होता, पण एवढ्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्याच दिवशी ॲडमिट करावं लागलं. नोनीचा रस, रोजचं शहाळं आणि ‘लो सोडियम’ मीठ यांतही पोटॅशियम जास्त असतं. बिलिंबी या आंबट फळाच्या रसातल्या ऑक्झॅलेट या क्षाराने किडनी बंद पडल्याच्या केसेस केरळमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. सापसन कुळातल्या वनस्पतींचं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनी कायमची खराब करतं, कॅन्सरही होतो. भस्मांचं म्हणाल, तर काहींत शिसं-पारा सापडलेला आहे.

कारलं, मेथी भाजी म्हणून खुशाल खाऊ द्या. रस मात्र नको. किडनी मंदावली की ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीचा असर लांबतो, त्यात रोज कारल्याचा रस पडला तर पहाटे शुगर एकदम उतरू शकते. स्वयंपाकातली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पापड-लोणचं जवळजवळ बंदच. बीपी साधारण १३०/८० च्या खाली. लघवीचा एसीआर (लघवीतून किती प्रोटीन जातं ते सांगणारी तपासणी, ३० च्या आत चांगला), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. काढा आधीच सुरू झाला असेल तर पोटॅशियम उद्याच तपासा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती बाटली सोबत न्या.