गोलरक्षकाने वयाची घाई करू नये

अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी तरुण खेळाडू निवडतात त्या फेरीत, नाव आले नाही म्हणून तुम्ही खचला आहात, हे तुमच्या पत्रावरून दिसते. परंतु आइस हॉकीत गोलरक्षकाचे वय इतर खेळाडूंच्या मापाने मोजू नये. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ सामन्यासाठी दोनच गोलरक्षक सज्ज ठेवतो, म्हणजे साऱ्या जगासाठी जागा अवघ्या ६४. पुढचा माणूस हलेपर्यंत मागच्याला थांबावेच लागते.

गोलरक्षक टिम थॉमसचे उदाहरण घ्या. १९९४ मध्ये क्वेबेक नॉर्डिक्स या एनएचएल संघाने त्याला २१७ व्या क्रमांकावर निवडले. त्यानंतर कधी फिनलंड, कधी स्वीडन, कधी अमेरिकेतल्या दुय्यम लीग असे करत तो तिशी उलटल्यावर एनएचएलच्याच बॉस्टन ब्रुइन्स संघात स्थिरावला आणि २०११ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, व्हँकुव्हरच्या बर्फावर अंतिम मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात एकही गोल न देता त्याने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. असे नशीब विरळाच, हेही खरे.

राखीव म्हणून बसाल तेव्हा सरावात शेवटपर्यंत थांबा, कारण जादा शॉट मारू इच्छिणाऱ्यांना गोलरक्षक हवाच असतो. खेळायला उतराल तेव्हा नव्याने गुळगुळीत केलेला क्रीजमधला, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेतला, बर्फ स्केटच्या पात्याने आडवा घासून खरखरीत करा, नाहीतर पहिल्याच सरकण्यात पाय हुकमाबाहेर जातो. आणि कमरेच्या सांध्याची दुखणी प्रशिक्षकापासून लपवू नका. मी दोन हंगाम लपवली आणि तिसरा घरी बसून काढला.