जपानला पहिल्यांदा जाताय? आधी महिना ठरवा

मुलांना मे महिन्यातच सुट्टी असते, मग तेव्हा जाऊ का, असं विचारलंयत. बिनधास्त जा, फक्त तारखा जपून निवडा. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत तिथे बऱ्याच सरकारी सुट्ट्या येतात. हॉटेलांचे दर चढतात, शिंकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये जागा मिळता मिळत नाही. त्यामुळे १० मेनंतरच निघा. तेव्हा हवा सुखद असते, दिवसा पातळ शर्ट पुरतो, संध्याकाळी एखादं जॅकेट लागतं. माझ्या मते पहिल्या सहलीसाठी यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- साकुराचा, म्हणजे चेरीची फुलं बघण्याचा हट्ट. टोकियो-क्योटोत बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पूर्ण फुलल्यावर जेमतेम आठवडाभर टिकतो. आपल्याकडे तेव्हा परीक्षा असतात. पहिल्या खेपेला हा मोह सोडा.
- मेची सुट्टी लांबवून जून गाठणं. जूनमध्ये तिथेही पावसाळा लागतो. उत्तरेकडचं होक्काइडो बेट मात्र बरंचसं कोरडं राहतं.
- ऑगस्ट. पारा ३५ अंशांपर्यंत जातो, वर मुंबईसारखा घाम. शिवाय महिन्याच्या मध्यावर ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची गर्दी.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर क्योटोत लाल मेपलची आशा धरू नका, तिथे रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चढतो. त्याऐवजी टोकियोहून निक्कोला जा. उंचावर असल्यामुळे तिथली पानं आधी रंगतात.

तारखा पक्क्या झाल्या की विमानाचं बघा, त्याआधी नको.