डायब्लो २ : पहिले पात्र निवडताना

२००० साली आलेल्या या संगणकखेळाच्या मूळ आवृत्तीत पाच वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते आणि पुढच्याच वर्षीच्या विस्तारात असॅसिन व ड्रुइड आले. माझे मत विचाराल, तर नवख्याने नेक्रोमॅन्सरपासून, म्हणजे मेलेल्यांना उठवून लढवणाऱ्या मांत्रिकापासून, सुरुवात करावी. सांगाडे उठवायला प्रेत लागते, म्हणून पहिला राक्षस आपल्या हातातल्या कांडीने, थोडे ओशाळत का होईना, स्वतःच मारावा लागतो. मात्र एकदा सहा-सात सांगाडे पुढे उभे राहिले, की मार तेच झेलतात आणि आपण मागे राहून प्रेतस्फोटाने अख्खी खोली रिकामी करतो.

सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण, अधिक वेगवान, पण नाजूक. अठराव्या पातळीवर टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे पोहोचण्याची जादू) मिळाले, की अंतरे संपतात. तरीही सगळे कौशल्यगुण एकट्या थंडीच्या जादूवर उधळू नयेत, कारण ‘हेल’ या सर्वांत अवघड काठिण्यपातळीवर त्या जादूचा मुळीच परिणाम न होणारे राक्षस भेटतात आणि विस्तारित खेळात तिथे आपली प्रतिकारशक्तीही १०० ने घटते. माझी पहिली सॉर्सरेस तिथेच अडकून पडली होती. बार्बेरियन हा योद्धा उत्तम शस्त्राशिवाय रखडतो. तो नंतर घ्यावा.

गुण चुकीच्या ठिकाणी गेले, तर घाबरू नये. ‘डेन ऑफ ईव्हिल’ ही पहिली मोहीम पूर्ण केल्यावर छावणीतली पुजारीण अकारा प्रत्येक काठिण्यपातळीवर एकदा ते विनामूल्य परत करते. ‘नॉर्मल’ या सर्वांत सोप्या काठिण्यपातळीवरची संधी मात्र उगाच वापरून टाकू नये.