हरिहर नको, अंजनेरीला न्या

प्रश्न : काकू, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात एका सत्रासाठी काही परदेशी विद्यार्थी आले आहेत. डिसेंबरात त्यातल्या बारा जणांना ट्रेकला न्यायची जबाबदारी आम्हा चार स्वयंसेवकांवर आली आहे. त्यांनी रीलमध्ये हरिहर पाहिलाय आणि तोच हवाय. आम्ही चौघंही तिथे जाऊन आलोय. तरी मला धाकधूक वाटते, आणि नाही म्हणायचीही लाज वाटते. शिवाय माझं इंग्रजी यथातथाच आहे. काय करू?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : बिनधास्त नाही म्हण. वाटल्यास सांग, काकूंनी अडवलं.

हरिहरच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आण. कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या, धरायला खोबण्या. चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने. चढताना माणूस वर बघतो म्हणून निभावतं. उतरताना कातळाकडे तोंड करून, पाय खाली चाचपत यावं लागतं, आणि ज्याचे पाय लटपटायचे ते तिथेच लटपटतात. एक जण मध्ये थिजला की वरचे वर आणि खालचे खाली. त्यातून रविवार असला तर विचारूच नकोस. तुम्ही चौघं जाऊन आलात ते स्वतःपुरते. ज्यांची ताकद, भीती, आजार यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही अशा बारा जणांना तिथून उतरवणं हे निराळं काम आहे. परदेशी आहेत म्हणजे काटक असतील, हाही एक गैरसमजच. सपाट देशातल्या एखाद्या पोराने आयुष्यात डोंगर चढलेला नसतो, आणि बूट मात्र तुझ्यापेक्षा चौपट महाग असतात.

अंजनेरीला न्या. त्र्यंबक रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर, उंची चार हजार फुटांच्या वर. खिंडीतल्या पायऱ्या चढल्या की मोठं पठार लागतं. तिथे अंजनीमातेचं देऊळ आणि तळं आहे. ज्याचा दम संपला त्याला एका स्वयंसेवकाबरोबर तिथेच बसवता येतं, बाकीचे माथ्यावर जाऊन येतात. अशी थांबायची जागा हरिहरच्या जिन्यावर नाही, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता तुम्हा चौघांचं. तुमच्यातला सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी चालेल. पुढे मिरवायला सगळेच तयार असतात. पुढच्याने दर टप्प्यावर थांबायचं आणि शेवटचा पोचल्यावर त्यालाही पाच मिनिटं टेकू द्यायचं. आपल्याकडे हटकून काय होतं? पुढचे मस्त विसावा घेतात, मागचा धापा टाकत येतो, आणि तो दिसला रे दिसला की 'चला' म्हणून सगळे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती मिळत नाही. परत फिरायची वेळ खालीच सगळ्यांना सांगून ठेव. साडेअकरा म्हणजे साडेअकरा, माथा हाताच्या अंतरावर असला तरी.

निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचार : दमा आहे का, गुडघा दुखावलाय का, कशाची ॲलर्जी आहे का. घोळक्यात कोणी सांगत नाही. आणि इथे शेंगदाण्याकडे खास लक्ष दे. काहींना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते, की घसा सुजून जीव जाऊ शकतो. आपण मात्र शेंगदाणा कशात घालत नाही? पोह्यांत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत, बऱ्याचदा ठेच्यातही. वर पिशवीत चिक्की. आणि वाढणारी माउली प्रेमाने म्हणते, 'थोडासाच आहे हो.' तसा कोणी निघाला तर त्या दिवशी सगळ्यांच्याच डब्यांतून शेंगदाणा बाद. त्याचं इंजेक्शन त्याच्याजवळ आहे, आणि ते कसं द्यायचं हे तुमच्यातल्या दोघांना येतं, एवढी खात्री करून मगच निघा. १०८ चा नंबर सगळ्यांकडे असू दे, पण डोंगरात रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

सामानाचीही चौकशी कर. परदेशात ट्रेकर सर्रास उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगतात. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. बिचाऱ्यांना ते ठाऊक नसतं. ड्रोनही घरीच. अत्तर, डिओडरंट नको. आग्या मोहोळाच्या माश्या उग्र वासाने बिथरतात, धुराने तर आणखीच. खाऊ हातात धरून चालू नये, माकडं टपलेली असतात. पाणी माणशी तीन लिटर. डिसेंबरात पहाटे काकडायला होतं आणि अकरानंतर ऊन भाजतं, म्हणून टोपी हवीच.

मोठ्याने गाणी लावणं बंद. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी असतात आणि डिसेंबर हा त्यांचा विणीचा काळ. अंजनेरीचंच नाव मिळालेली एक कंदीलपुष्पाची जात इथे सापडते, पण ती पावसाळ्यात फुलते. तुमच्या पाहुण्यांच्या नशिबात ती नाही.

इंग्रजीची काळजी सोड. बाराजणांतल्या अर्ध्यांचीही ती मातृभाषा नसेल. सांगायला काहीतरी असलं की भाषा आपोआप निघते. डोंगर असे थराथरांचे का, असं हमखास विचारतील. सांग, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक वाहून थिजला. टणक थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून उतार झाले. मग समोरचा ब्रह्मगिरी दाखव. गोदावरी तिथे उगम पावते. पश्चिमेला समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण बाई पूर्वेला वळून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. मी भूगोल शिकवायचे तेव्हा पोरं इथे हटकून फळ्याकडे बघायची. हनुमानाचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे. कर्नाटकात आणि तिरुमलालाही तसंच मानतात. तो वाद पठारावर काढू नका.

उतरल्यावर त्र्यंबकेश्वराला जायचं कोणी सुचवेलच. मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे, हे आदल्या दिवशीच सांगून टाक. दारात सांगितलंस तर त्यांचाही हिरमोड आणि तुझीही पंचाईत. त्यापेक्षा शहरात येऊन मिसळ खाऊ घाल, तर्री वेगळी मागून.

प्रश्न : आमचं त्र्यंबक तालुक्यात छोटं होमस्टे आहे. ट्रेकला आलेले परदेशी विद्यार्थी एक रात्र मुक्कामाला येणार आहेत. ताई, जेवणात वेगळं काय करावं?
— एक वाचक, त्र्यंबक तालुका

उत्तर : जेवणाआधी कागद बघा, भाऊ. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं यजमानावर बंधनकारक आहे, मग मुक्काम एका रात्रीचा का असेना. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच मागवून ठेवा, गावात रात्री नेट गेलं तर बसाल हात चोळत. जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, वरण-भात करा, फक्त तिखट बाजूला द्या. न्याहारीला पावभाजीचा घाट नको. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. शौचालयात टिश्यू पेपर आणि झाकणाची कचऱ्याची टोपली ठेवा. अंथरुणं मात्र ज्यादा काढून ठेवा, तुमच्याकडची डिसेंबरातली थंडी त्यांनाही झोंबते.