इनफ्लाइट काढायचंय? आधी त्याला कोणी आणलं ते पाहा

भाऊ, प्रश्न नीट समजला. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवरचा (वेब प्रकल्प उभा करायचा तयार साचा) जुना प्रकल्प, ज्यानं उभा केला तो पुण्याला गेला आणि आता नागपूरच्या परसोडी आयटी पार्कात तुम्ही तिघं तो सांभाळताय. एनपीएमनं (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं साधन) इन्स्टॉल केलं की इनफ्लाइट हे पॅकेज डिप्रिकेटेड, म्हणजे आता वापरू नये असं, असल्याचा इशारा येतो, त्याच्याच सुरक्षा तपासणीत, म्हणजे ऑडिटमध्ये, एनथ-चेक हे दुसरं पॅकेज लाल दिसतं, आणि क्लायंटची सिक्युरिटी टीम म्हणते दोन्ही काढा. पण ही नावं तुमच्या पॅकेज जेसनमध्ये (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) नाहीतच.

नाहीत म्हणूनच त्यांच्यामागे थेट लागू नका. ‘एनपीएम एक्सप्लेन इनफ्लाइट’ चालवा, साखळी उलटी वाचायला मिळेल. इनफ्लाइटला ग्लॉब ७ नं आणलं, ग्लॉबला रिमराफ ३ नं, त्याला फ्लॅट-कॅशनं, आणि त्याच्या वर ईएसलिंट ८ (कोडमधल्या चुका शोधणारं, म्हणजे लिंटिंगचं साधन). त्याच्याही वर रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स ५. एनथ-चेकचंही तेच: सीएसएस-सिलेक्ट, एसव्हीजीओची १ नंबरची आवृत्ती, एसव्हीजीआर, परत रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स. ग्लॉबनं ९ पासून इनफ्लाइट सोडलं आणि एनथ-चेकमधली चूक २.०.१ मध्ये दुरुस्त झाली, म्हणजे खाली उपाय केव्हाच तयार आहे. तो वर पोचत नाही, कारण मधला मालकच थांबलाय. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप रिअ‍ॅक्टच्या टीमनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे डिप्रिकेट केलं. तुमची बेवारस डिपेंडन्सी (प्रकल्प ज्यावर टेकलाय ते पॅकेज) ती आहे, इनफ्लाइट नाही.

आता धोका किती? इनफ्लाइटबद्दलची तक्रार मेमरी लीकची, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडण्याची आहे. लिंटिंगची प्रोसेस काम झालं की संपते, तिथं लीक झाली तरी काही बिघडत नाही. एनथ-चेकमध्ये मुद्दाम रचलेला सिलेक्टर दिला तर रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) अडकून पडतं. पण ते बिल्डच्या वेळी तुमच्याच एसव्हीजी (आयकॉनच्या चित्रांच्या) फायलींवर चालतं, बाहेरच्या माणसाचं इनपुट तिथवर येत नाही. ब्राउझरकडे जाणाऱ्या बंडलमध्ये यातलं काहीच नसतं. हे साखळीसकट क्लायंटला लेखी कळवा. सिक्युरिटीवाल्यांना कारण दिलं की बहुतेक ऐकतात, नुसतं ‘चालतंय’ म्हटलं की ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

‘ऑडिट फिक्स फोर्स’ मात्र चालवू नका. या प्रकल्पांत ते रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सची फार जुनी आवृत्ती सुचवतं आणि बिल्ड पार मोडतं.

तात्पुरता उपाय ओव्हरराइड्स, म्हणजे आतल्या पॅकेजची आवृत्ती आपणच ठरवून देणं. एनपीएम ८.३ पासून ते पॅकेज जेसनमध्येच लिहिता येतात. एनपीएमऐवजी यार्न असेल तर रिझोल्यूशन्स. एनथ-चेकला २.०.१ वर बांधा. मेजर आवृत्ती बदलतेय, म्हणून बिल्ड करून सगळे आयकॉन डोळ्यांनी तपासा. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, तेव्हा हे ओव्हरराइड का टाकलं आणि कधी काढायचं, ते रीडमीमध्ये लिहाच. उद्या तुमच्यातलाही कोणी पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल आणि मागच्याला ती ओळ कोड्यासारखी वाटेल. इनफ्लाइटसाठी असं काही करत बसू नका. ग्लॉब ७ च्या जागी ९ बळजबरीनं बसवलं तर जुना रिमराफ मोडेल.

पॅकेजला पाच वर्षांत रिलीज नाही, एवढ्यावरून मी घाबरत नाही. छोटं काम पूर्ण झालं की कोड शांत राहू शकतो. मला भीती वाटते ती थकलेल्या मेंटेनरकडून किल्ली कोणाच्या हाती जाते याची. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ लेखकानं मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे पॅकेज सोपवलं. त्यानं फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची नवी डिपेंडन्सी आत घातली आणि तिच्यातला कोड कोपे (Copay) या वॉलेटमधल्या बिटकॉइनवर टपून होता. म्हणून लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती, याची नोंद) गिटमध्ये ठेवा, सीआयवर (जिथं बिल्ड आपोआप होतं) ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, आणि लॉकफाइलच्या बदलात अनोळखी नाव दिसलं की थांबून पाहा.

खरा उपाय क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप सोडून व्हीट (Vite) या बिल्डच्या साधनावर जाणं. वेळ जातो तो ठरावीक ठिकाणी: इंडेक्स एचटीएमएल पब्लिक फोल्डरमधून प्रकल्पाच्या मुळाशी आणणं, ‘रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’नं सुरू होणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ‘व्हीट’नं (VITE) सुरू करणं, ‘प्रोसेस एन्व्ह’च्या जागी ‘इम्पोर्ट मेटा एन्व्ह’ लिहिणं आणि जेस्टच्या टेस्ट व्हीटेस्टवर (Vitest) नेणं. टेस्ट शेवटी घ्या, पण सोडू नका. ईएसलिंट तेव्हाच ९ वर न्या. त्यात कॉन्फिगची रीत बदलली आहे, म्हणून त्यासाठी वेगळी ब्रँच काढा.